अनुपलब्धी: न दिसणे हा पुरावा केव्हा ठरतो

वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येते का? कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अभाव जाणण्यासाठी अनुपलब्धी हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. या वादाहून मोलाची आहे ती दोन्ही पक्षांनी घातलेली अट: वस्तू असती तर इथे दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात न दिसलेल्या घड्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

इंदापूर तालुक्यातील पळसदेवला ही अट प्रत्यक्ष पाहता येते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठचे जुने गाव पळसनाथाच्या मंदिरासह जलाशयात गेले. धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, खोल गेले की मंदिर उघडे पडते. भरल्या पाण्याकडे पाहून मंदिर नाही म्हणणारा चुकतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांतले हे व्यवधान, म्हणजे मध्ये आलेला आडपडदा.

लिनक्सवर यूएसबी-सिरीयल उपकरण शोधतानाही हीच यादी कामी येते. असा बोर्ड जोडूनही ‘टीटीवाययूएसबी०’ हे पोर्ट आले नाही, म्हणून बोर्ड बिघडला असे ठरवणे घाईचे. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या ताराच नसतात; संगणकाला बोर्ड कळणार कसा? खात्रीची केबल लावून, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ने पाहिले, तरच ‘काही नाही’ या उत्तराला वजन येते.

बोर्डाची यूएसबी-सिरीयल चिप ‘एलएसयूएसबी’च्या यादीत आहे पण पोर्ट नाही, तर ‘डीमेसेज’ने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचे पोर्ट येऊन लगेच नाहीसे होई, कारण ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम तिला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेई. सूर्यप्रकाशात तारे लोपतात तसा हा आठ कारणांतला अभिभव. प्रोग्रामच काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण हा प्रोग्राम अंध वापरकर्त्यांचा आधार आहे. सामायिक संगणकावर फक्त त्या चिपपुरता यूडेव्ह या उपकरण-व्यवस्थापकाचा नियम बदलणे न्याय्य.

एकसारखे दोन बोर्ड असले की त्याच आठांतला समानाभिहार होतो, म्हणजे सारख्यात सारखे मिसळून ओळखू येत नाही: पोर्टचे क्रमांक जोडणीच्या क्रमाने बदलतात, म्हणून बोर्ड कुठल्या सॉकेटमध्ये आहे त्यावरून तो ओळखावा.

पोर्ट दिसते, पण उघडताना परवानगी नाकारली जाते, हा मात्र अनुपलब्धीचा प्रश्नच नव्हे. तिथे वस्तू सिद्ध आहे, अधिकार नाही. डेबियन आणि उबुंटूवर वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावे लागते.