बापाच्या कामावर पोरांची नजर

आष्टी तालुक्यातलं सावरगाव ओळखलं जातं ते मच्छिंद्रनाथांच्या समाधीमुळे. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे, मायंबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाधिस्थानी, यात्रा भरते, या भागात घरोघरी 'नवनाथ भक्तिसार' वाचला जातो, आणि त्यातला एक प्रसंग पोराटोरांनाही ठाऊक असतो. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला, मच्छिंद्रनाथांना, परत आणायला शिष्य गोरख जातो. तिथे तो हात जोडून वाट बघत बसत नाही. मृदंगावर थाप मारून आपण आल्याची हाक गुरूच्या कानी घालतो. गुरू भरकटला तर शिष्याने गप्प बसावं का, या प्रश्नाला नाथपंथाने दिलेलं हे उत्तर आहे, आणि तरीही गोरखची गुरुभक्ती उणी झाली असं कुणी म्हणत नाही.

हाच प्रश्न मुलांना सोबत घेऊन घरी विमान बांधणाऱ्या आईबापांपुढे येतो, तेव्हा गाठ थेट जिवाशी असते.

अमेरिकेत हौशी माणसाला स्वतः बांधलेलं विमान 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात नोंदवता येतं. अट अशी की निम्म्याहून अधिक काम त्याने शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलेलं असावं. इंग्लंडमध्ये मूळच्या केरळच्या एका इंजिनिअरने करोनाच्या काळात घरच्यांच्या साथीने चार आसनी विमान उभं केलं. अशा विमानाचे सुटे भाग पेटाऱ्यांतून येतात, पण ते जोडायचे असतात घरच्याच हातांनी.

त्यातलं रिव्हेटचं काम बघण्यासारखं आहे. एक जण बाहेरून रिव्हेट गन चालवतो, दुसरा पत्र्याच्या आतल्या बाजूने पोलादी ठोकळा घट्ट धरतो. शेपटीच्या अरुंद कप्प्यात मोठ्या माणसाचा हात अडतो, लहान मुलाचा सहज जातो. ठोकणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. ठोकळा कलला आणि रिव्हेट तिरकी बसली, तर ते कळतं फक्त आतल्याला. ठोकून तयार झालेलं डोकं दांड्याच्या जाडीच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. ते मापायला छोटी पट्टी मिळते, दहा-बारा वर्षांच्या पोरीलाही ती लावता येते. "बाबा, ही नीट बसली नाही," असं ती म्हणाली, की बाबांनी वाद न घालता ड्रिल उचलायचं आणि ती रिव्हेट काढून टाकायची. बापाचा मान इथे कमी होत नाही. उलट, त्याने असं केलं नाही तर पोरगी पुढच्या वेळी बोलणार नाही, आणि तिची ती गप्प नजर हवेत कुणाच्याच कामाची नाही.

वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं ठासून सांगणाऱ्यांनी तैत्तिरीय उपनिषद उघडून पाहावं. शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरू सांगतात की आई, वडील आणि आचार्य यांना देव मान. त्याला लागूनच ते सांगतात की आमची चांगली वागणूक तेवढी घे, बाकीची नको. म्हणजे ज्याला देव मानायचं, त्याचीही पारख करायचं काम गुरूने शिष्यावरच सोपवलं आहे. ही निवड आंधळ्या माणसाला करता येत नाही.

राईट बंधूंचे वडील मिल्टन हे धर्मगुरू, बिशप होते. 1878 मध्ये त्यांनी मुलांसाठी रबराच्या पिळावर उडणारं खेळणं आणलं. पुढे मुलं खरंच उडू लागल्यावर त्यांनी एकच अट घातली: दोघांनी एका विमानात बसायचं नाही. मुलांनी ती मानली. 25 मे 1910 रोजी वडिलांच्या परवानगीने दोघे भाऊ पहिल्यांदाच एकत्र उडाले, आणि त्याच दिवशी ऑर्व्हिलने 81 वर्षांच्या मिल्टनना वर नेलं. घाबरण्याऐवजी ते 'आणखी वर ने' म्हणत होते. तोवर मुलांची कारागिरी त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. त्या श्रद्धेमागे एवढी पारख होती.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, आणि त्याची उड्डाण चाचणी धुळ्यात झाली ती 2020 मध्ये. परवानगीला लागलेल्या वेळाबद्दल लोक हळहळले, ते समजण्यासारखं आहे. पण परक्या डोळ्यांनी आपलं काम तपासणं हा अपमान नव्हे, हे ज्या घरात मुलांनी लहानपणीच पाहिलं, तिथे हे वाट पाहणं थोडं कमी टोचतं.

मात्र प्रश्न विचारणाऱ्याच्या वाट्याला राग येतोच. कठोपनिषदातल्या नचिकेत्याने पाहिलं, की वडील यज्ञात दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाई दान देत आहेत. "मला कुणाला देणार?" असं त्याने पुन्हापुन्हा विचारलं, आणि संतापलेल्या बापाने त्याला मृत्यूला देऊन टाकलं. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिल्यावर त्याला तीन वर मिळाले. मृत्यूनंतर काय उरतं, हा मोठा प्रश्न त्याने तिसऱ्या वरासाठी राखून ठेवला. पहिल्या वरात त्याने मागितलं, की वडिलांचा राग शांत व्हावा आणि आपण परतल्यावर त्यांनी आपल्याला ओळखून जवळ घ्यावं.