खेळाचे नियम आणि उसाचा मालक

सॅम्युएल हॉविट हा इंग्रज चित्रकार भारतात कधीच आला नाही. तरीही इथल्या शिकारीची फार प्रसिद्ध अशी छापचित्रे त्याच्या नावावर आहेत. कॅप्टन थॉमस विल्यमसन याने बंगालमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ काढला होता. त्याच्या रेखाटनांवरून हॉविटने तिकडे बसून चित्रे रचली, आणि एडवर्ड ऑर्म या लंडनच्या प्रकाशकाने १८०७ साली 'ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स' या ग्रंथात अशी ४० रंगीत चित्रे प्रसिद्ध केली. दुसऱ्याने पाहिलेले आपल्या भाषेत आणणे हा माझाही व्यवसाय असल्यामुळे हॉविटबद्दल मला थोडा आपलेपणा वाटतो. पण त्याच्या चित्रांचे मथळे मराठीत आणायला बसले की माझी लेखणी पहिल्याच शब्दाशी अडते. तो शब्द म्हणजे 'स्पोर्ट'.

'शिकार' म्हटले की मारणे आले, पण गंमत गेली. 'खेळ' म्हटले की गंमत आली, पण रक्त पुसले गेले. 'मृगया' म्हटले तर घोड्यावरचा साहेब एकदम दुष्यंताच्या शेजारी जाऊन बसतो. इंग्रजी शब्दात या दोन्ही गोष्टी गुण्यागोविंदाने नांदतात, कारण त्यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट उभी आहे: नियम.

रानडुकराच्या शिकारीचे नियम एकोणिसाव्या शतकात चांगलेच पक्के झाले. डुक्कर घोड्यावरून, भाल्यानेच मारायचे. जिथे घोडा धावू शकतो तिथे त्याला गोळी घालणे हे अप्रतिष्ठेचे. मादीला हात लावायचा नाही. ज्याच्या भाल्याने पहिले रक्त निघेल, मान त्याचा. बंगालकडचा भाला आखूड, वरून खाली मारायचा. मुंबई इलाख्यातला लांब, खालच्या हाताने धरायचा. आणि कोणता चांगला यावर वाद व्हायचे. मेरठजवळ गंगेच्या खादरात भरणारी कादिर चषकाची स्पर्धा १८८३ साली जिंकणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. या सगळ्या लेखनात डुकराबद्दल तुच्छता फारशी नाही. उलट, तो शूर आहे, उलटून अंगावर येतो, मरेपर्यंत हटत नाही, असे कौतुकच आहे.

प्रश्न इथेच सुरू होतो. ज्याला मारायचे त्याला मान दिला, त्याला सुटायची संधी दिली, स्वतःचा जीवही थोडा धोक्यात घातला, तर मारण्यातला अन्याय कमी होतो का?

सोपे उत्तर असे, की खेळाला दोन पक्षांची संमती लागते आणि डुकराला कोणी विचारले नव्हते. हे खरे आहे, पण ते कसायालाही लागू होते आणि माझ्या ताटालाही. त्यामुळे तेवढ्यावर मला थांबता येत नाही. मला जास्त टोचतो तो चित्रातला तिसरा पक्ष.

हॉविटच्या एका चित्राचा मथळा आहे, 'बीटिंग शुगर केन्स फॉर अ हॉग'. डुक्कर उसात दडले आहे आणि माणसे ऊस झोडपून त्याला बाहेर काढताहेत. इंग्रजी मथळ्यात कर्ता नाही. कोण झोडपतो, आणि ऊस कोणाचा, हे सांगायची गरज पडलेली नाही. संधी द्यायचे, धोका वाटून घ्यायचे सगळे नियम स्वार आणि डुक्कर यांच्यातले आहेत. पायी चालणारा, घोडा नसलेला, सुळ्यांच्या उंचीवर मांड्या असलेला माणूस त्या नियमांत कुठेच नाही. त्याला मानही नाही. पहिल्या भाल्याच्या हिशेबात तो धरलेलाच नाही.

यावर एक बचाव नेहमी केला जाई: डुकरे पिकांचा नाश करतात, तेव्हा शिकारी शेतकऱ्याचे भलेच करतात. डुकरे पिकांचा नाश करतात, यात शंका नाही. हाका घालायला आलेला एखादा गावकरी मनापासून आलाही असेल. पण मग मादीला का सोडायचे? पीक वाचवायचे असेल तर आधी तिलाच मारायला हवे. तिला सोडायचे, गोळी निषिद्ध ठरवायची, ते पुढच्या हंगामात पुन्हा डुक्कर मिळावे म्हणून. पीक आणि खेळ यांपैकी एक निवडायची वेळ आली तेव्हा नियमाने खेळ निवडला. हा दोष इंग्रजांपुरताच नाही. मेवाडच्या दरबारी चित्रकारांनी महाराण्यांच्या डुक्करशिकारीची देखणी चित्रे काढली आहेत, आणि त्यांतही पीक गेलेला माणूस शोधावाच लागतो.

आता आजचे पाहू. २०१५ च्या अखेरीस बिहारच्या आणि २०१६ मध्ये उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत केंद्र सरकारने ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी प्राणी जाहीर केले. कोकणातला, विदर्भातला शेतकरी रात्री माळ्यावर जागतो, फटाके लावतो, शेताभोवती जुनी लुगडी बांधतो. काही ठिकाणी विजेची तार येते, काही ठिकाणी फळात दडवलेला गावठी बॉम्ब. हे मारणे कुरूप आहे, क्रूर आहे, आणि त्यात दुसरेच जनावर सापडू शकते. त्याचे चित्र कोणी दिवाणखान्यात लावणार नाही. पण ज्याचे खरोखर काही जाते आहे, असा माणूस इथे आहे. आपल्याला हॉविटचे चित्र सुंदर वाटते आणि तारेची बातमी वाचून शिसारी येते. या दोन प्रतिक्रियांना आपण नीती समजतो. त्यांतला बराचसा भाग निव्वळ अभिरुचीचा असतो.

म्हणून मला वाटते, स्वतःच आखलेल्या नियमांनी आपण न्यायी ठरत नाही. नियम कोणी आखले यापेक्षा ते आखताना कोण मोजलाच गेला नाही, हे आधी विचारावे लागते. न मोजलेल्याचे नुकसान नियम पाळूनही होत राहते, आणि वर आपल्या सभ्यतेचे समाधान मिळते.

ही चित्रे भिंतीवरून उतरवावीत असे मी म्हणणार नाही. उतरवली तर तो उसातला माणूसही त्यांच्याबरोबर जाईल, आणि तो दिसावा अशा जागा मुळात थोड्या. अनुवादक म्हणून माझ्या हाती फक्त मथळा आहे. झोडपण्याला मराठी शिकारकथांत 'हाका' म्हणतात. इंग्रजीने त्या कामाला काठीचे नाव दिले, आपल्या भाषेने माणसाच्या आवाजाचे. तेव्हा मी लिहीन: 'डुकरासाठी कुणाच्या तरी उसात घातलेला हाका'. मूळ मथळ्यापेक्षा हा लांब आहे. जे दोन शब्द वाढले, ते चित्रात पहिल्यापासून होते.