न्याय जगाकडे मागायचा, तर घरातही द्यायचा

बेलापूरच्या खाडीकाठी काका-पुतणीचं बोलणं चाललं होतं. काका उलव्याकडचे प्रकल्पग्रस्त, पुतणी शाळेत विज्ञान शिकवणारी. विषय नवी मुंबई विमानतळावरून निघाला आणि कार्बनवर येऊन अडला.

काका : १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि आमच्या जमिनी गेल्या. १९८४ साली जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना मिळाली. विमानतळासाठी टेकडी कापली, नदी वळवली, १० गावं उठवली. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं. आता पोरांना चार कामं मिळतील म्हणावं, तर तुम्ही सांगता, कार्बन कमी करा. धूर अमेरिकेने सोडायचा आणि उपास आगरी-कोळ्यांनी धरायचा?

पुतणी : तुमचं म्हणणं रास्त आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आपल्याकडे साधारण २ टन. म्हणून तर भारताने नेट झिरोसाठी, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, २०७० साल धरलं. पण हे २ टन कुणाचे? ऐरोली-महापेची डेटा सेंटरं, दर आठवड्याला विमानाने जाणारे साहेब आणि दिवाळे गावातला होडीवाला, सगळे एकाच सरासरीत बसवलेत. होडीवाल्याच्या गरिबीमुळे साहेबांचा आकडा लहान दिसतो.

काका : बरं, साहेबांनी प्रवास कमी केला. त्याने जगाचा पारा किती उतरणार?

पुतणी : एकट्याने काहीच नाही. पण प्रत्येक शहर हेच म्हणतं, आणि जगातला बराचसा धूर ही अशा शहरांचीच बेरीज आहे. शिवाय काही गोष्टींत जगाची वाट बघायची गरजच नाही. तिवरांच्या मुळाशी गाळात वर्षानुवर्षांचा कार्बन साठलेला असतो. तिवरं तोडून तो गाळ उकरला की कार्बन हवेत जातो, आणि लाट अडवणारंही कुणी उरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला, ते उगाच नाही.

काका : लाटा-भरतीचं तू मला सांगू नकोस. आमच्या खारबांधाला उघाडी होती. भरती आली की झडप आपोआप मिटायची, ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं.

पुतणी : पावसाचं पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडणारे शहराचे धारण तलावही त्याच तत्त्वावर चालतात. तापमानवाढीने समुद्र चढला की झडप जास्त वेळ मिटलेली राहणार. त्यात मुसळधार पाऊस आला, तर पाणी आधी सखल वस्तीत शिरणार, विसाव्या मजल्यावर नाही.

काका : ते पटतं. पण जमीन घेताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. कार्बन कमी करतानाही विचारणार नसाल, तर मी आडवा येईन.

पुतणी : यावर माझ्याकडे उत्तर नाही, काका. तुम्ही यायलाच हवं.

मला या दोघांपैकी कुणालाच खोटं ठरवता येत नाही. श्रीमंत देशांनी आधी आणि जास्त कपात करावी, ही आपली मागणी न्याय्यच आहे. मात्र जगाकडे मागितलेला हिशेब आपल्या शहरालाही लागू होतो. इथेही ज्याचा वापर जास्त, त्याने आधी आवरावं. ज्यांनी एकदा जमीन दिली, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा त्याग मागू नये. म्हणून डेटा सेंटरला परवानगी देताना त्याची वीज कोळशाची की सूर्याची, हे आधी विचारा. खाडीकाठी भराव पडण्याआधी तिथल्या गावाला विचारा. आणि उरलेल्या तिवरांना कुऱ्हाड लावू देऊ नका. यासाठी २०७० ची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.