पहिली ओंजळ आजीची

॥ श्री गुरवे नमः ॥


संक्रांत तोंडावर आली. सुगडात हरभरा, गाजर, उसाच्या कांड्यांबरोबर बोरं भरायची, घरात लहान बाळ असलं की हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करायचं, हे आपण इंदूर, बडोदा, हैदराबाद कुठेही असलो तरी सोडलेलं नाही. पण ज्या बोरीचं हे फळ, तिच्याकडे कधी नीट पाहतो का? आज तिचंच थोडं चिंतन करू या.

बोरीला संस्कृतात बदरी म्हणतात. बदरीनाथाच्या नावात तीच आहे. तपाला बसलेल्या विष्णूंवर लक्ष्मीमातेनं बोरीचं झाड होऊन सावली धरली, अशी तिथली कथा. वड नाही, पिंपळ नाही, काटेरी बोर!

तिची मुळं खोल जातात, म्हणून पाऊस कमी झाला तरी ती तग धरते. पाला शेळ्या खातात, फांद्यांचं कुंपण होतं, लाखेचे किडेही तिच्यावर पोसले जातात. उन्हाळ्यात तिची छाटणी करतात, कारण फळ नव्या फुटव्यांवरच धरतं. दुःखानं आपली छाटणी झाली की ही बोर आठवावी.

रानबोरीच्या खुंटावर उमराण, मेहरूण अशा चांगल्या जातीचा डोळा भरतात. मूळ रानटीच राहतं, फळ मात्र बदलतं. सद्गुरूंनी आपल्यात नामाचा डोळा भरला, तो असाच. पण डोळ्याच्या खालून रानटी फुटवे येतच राहतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर तेच जोर धरतात आणि भरलेला डोळा मागे पडतो. मीपणा, हेवा आणि "आमच्यात असंच असतं" हा हट्ट, हे आपले फुटवे.

आता मुद्द्याचं. वाल्मीकी रामायणात शबरी रामाला रानातली फळं देते; चाखून दिलेल्या बोरांची गोष्ट पुढे भक्तांनी प्रेमानं जपली. शबरी कोण? वृद्ध, एकटी, वनात राहणारी. रामरायानं तिचा भाव पाहिला, बाकी काही पाहिलं नाही. मग कित्येक घरांत बोरन्हाणाला आजी आत का बसते? आजोबा गेले म्हणून? बाळाला मांडीवर घेऊन तेल लावायला, न्हाऊ घालायला तिचा हात चालतो, औक्षणाला मात्र चालत नाही, हा कुठला न्याय?

ती स्वतःच म्हणेल, "राहू दे गं, सुवासिनींना करू दे." ऐकू नका. हाताला धरून पाटाजवळ आणा. यंदा बाळाच्या डोक्यावरची पहिली ओंजळ आजीची! आजी नसेल तर शेजारच्या एकट्या काकूंना, आत्याला बोलवा. हळदीकुंकवाचं वाणही त्यांना द्या. हा एक फुटवा यंदा आपण सगळ्यांनी मिळून काढू या.

आणि हो, बोरं लहान, मऊ बघून घ्या. बाळानं आठळी गिळायला नको, लक्ष ठेवा.

तिळगूळ घ्या, गोड बोला. जय गुरुदेव 🙏