दुर्गंधाची साक्ष

दुर्गंधाशीं मनुष्याचें वैर इतकें जुनें आहे कीं, त्याचा पक्ष घेऊन कांहीं लिहावयाचें म्हटल्यास तें अनेकांस विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु आम्हांस या लेखांत तेंच करावयाचें आहे. आणि त्यासाठीं घेतलेलें उदाहरण आज मध्यम स्थितींतील पुष्कळ कुटुंबांच्या दाराशीं उभ्या असलेल्या मोटारगाडीचें आहे. बंद मोटारींत घाण वास येऊं लागला म्हणजे काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा दिसतो. आमच्या मतें त्यांत नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे.

अशा प्रसंगीं बहुतेक लोक काय करतात हें सर्वांस ठाऊक आहे. बाजारांतून सुवासिक द्रव्याची एक कुपी आणतात आणि ती समोरच्या आरशाखालीं टांगतात. दोन दिवस गाडींत मोगरा दरवळतो. तिसऱ्या दिवसापासून मोगरा आणि कुबटपणा एकत्र नांदूं लागतात, व तें मिश्रण मूळच्या घाणीपेक्षांही असह्य होतें. कारण उघड आहे. अत्तरानें दुर्गंधाचें द्रव्य नाहींसें होत नाहीं. नाकाजवळ त्याच्याहून मोठ्यानें बोलणारा एक दुसरा इसम उभा केला जातो, इतकेंच.

वास्तविक प्रत्येक वासास जन्मस्थान असतें. पावसाळ्यांत ओल्या छत्र्यांचें व चपलांचें पाणी रबरी चटईखालच्या जाजमांत मुरतें आणि तेथें बुरशी धरते. गाडी गार करणारें यंत्र चालूं असतां त्याच्या थंड नळ्यांवर हवेंतील बाष्पाचें पाणी होतें. तें बाहेर नेणारी नळी तुंबली, किंवा तो ओलावा रोज तसाच राहिला, तर तेथेंही बुरशी व सूक्ष्म जंतू वाढतात आणि पंखा लावतांच कुबट झोत तोंडावर येतो. मुलाच्या हातून दूध सांडलें तर त्यांतील साखर व स्निग्धांश यांपासून आम्लें तयार होतात. तो आंबूस वास त्यांचा. यांपैकीं प्रत्येकावर उपाय आहे व तो फारसा महाग नाहीं. जाजम उचलून तें आणि त्याखालचा थर धुऊन उन्हांत कडकडीत वाळवावा. मुक्कामीं पोंचण्यापूर्वीं कांहीं मिनिटें गारवा बंद करून नुसता पंखा चालूं ठेवावा. हवेची गाळणी वेळेवर बदलावी. दुधाच्या डागावर खाण्याचा सोडा पसरून ठेवावा. हा सोडा आम्लाशीं संयोग पावून त्याचें उडून न जाणारें लवण करतो, त्यामुळें नाकापर्यंत पोंचावयास कांहीं उरतच नाहीं. अत्तर झांकतें, सोडा निवारतो; आणि हा भेद रसायनशास्त्रापुरता नाहीं.

कोणी म्हणेल कीं, सुगंध वापरण्यांत पाप तें काय? देवापुढें धूप जाळतात, लग्नांत गुलाबपाणी शिंपडतात, तीही फसवणूकच काय? आमचें उत्तर असें कीं, आपल्या रीतीभातींनींच या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीं लावून ठेवला आहे. देवाच्या पूजेंत आदल्या दिवसाचें निर्माल्य आधीं काढावें लागतें. मग स्नान, आणि त्यानंतर गंध, फूल व धूप. हा क्रम उलटा करून शिळ्या निर्माल्यावरच धूप फिरविणारा पुजारी कोणासही रुचणार नाहीं. स्वच्छतेनंतर येणारा सुगंध हा अलंकार होय. तिच्याऐवजीं येणारा सुगंध ही साक्षीदारास दिलेली लाच होय.

साक्षीदार हा शब्द आम्हीं विचारपूर्वक योजला आहे. गाडींत पेट्रोलचा वास येणें म्हणजे कोठें तरी गळती आहे. जळक्या रबराचा वास येणें म्हणजे एखादी तार तापली असण्याचा संभव आहे. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु स्वतः निर्गंध आहे. बरोबरच्या धुराची घाण हीच काय ती त्याची सूचना. निर्गंध शत्रु किती भयंकर असतो हें अमेरिकेनें फार मोठें मोल देऊन जाणलें. १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सास राज्यांतील न्यू लंडन या गांवच्या शाळेखालीं गळणारा नैसर्गिक वायु साठून स्फोट झाला आणि सुमारें ३०० विद्यार्थी व शिक्षक प्राणांस मुकले. वायूस वास नसल्यामुळें कोणासही त्याची वार्ता लागली नव्हती. त्यानंतर तेथें अशा वायूंत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा झाला. आज आपल्या स्वयंपाकघरांतील गॅसला जो उग्र दर्प येतो, तोही इथाइल मरकॅप्टन नांवाचें द्रव्य मुद्दाम घातल्यामुळें येतो. म्हणजे जी घाण आपण घालवूं पाहतों, तीच प्राणरक्षणासाठीं आपण विकत घेतों!

साक्षीदाराचें तोंड बंद करण्यांत दुसऱ्याचें नुकसान असलें म्हणजे या प्रश्नास अधिक धार येते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईंत असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशी बुडालेली गाडी वरून चकचकीत करतां येते. परंतु आंत शिरलेला चिखल कुजत राहतो आणि विजेच्या तारांचे सांधे हळूहळू गंजतात. ती विकावयास काढतांना मालकानें तिच्यांत अत्तर शिंपडलें, तर त्यानें एक शब्दही खोटा उच्चारलेला नसतो. तरी तो खोटें बोलला, असेंच आम्ही म्हणूं. कारण गाडी जें खरें सांगत होती तें त्यानें घेणाऱ्यास ऐकूं दिलें नाहीं.

आतां राहिला सर्वांत अवघड भाग. ज्या वासांत आपण बसतों तो कांहीं मिनिटांतच आपणांस जाणवेनासा होतो; हा नाकाचा धर्मच आहे. म्हणून स्वतःच्या गाडीची घाण मालकास सर्वांच्या मागून कळते. पाहुण्यास ती दार उघडतांच कळते, पण तो सभ्यपणानें कांच खालीं करतो आणि हवापाण्याच्या गोष्टी काढतो. पगारी चालकास ती रोज सकाळीं कळते. पण त्यानें बोलावें कसें? बोलला तर, “तुझ्याच विडीचा वास असेल,” हें उत्तर ठरलेलें. मग तोही गप्प बसतो, आणि आपल्या पदरच्या पैशांनीं कुपी आणून टांगतो. ज्याची भाकरी आपल्या मर्जीवर अवलंबून आहे त्यानें दिलेल्या सुगंधावर विश्वास ठेवूं नये, हें राजांना सांगितलेलें शहाणपण चारचाकी गाडीच्या मालकासही लागूं आहे. तसेंच तें कुटुंबप्रमुखास, आणि आमच्यासारख्या वर्गांत व्याख्यान देणाऱ्यासही लागूं आहे. घरांतील सुनेची कुरकुर, विद्यार्थ्याची अप्रिय शंका, नोकराची तक्रार, हीं सर्व गॅसमधल्या त्या दुर्गंधी द्रव्याच्या जातीचीं होत. तीं नकोशीं वाटतात, आणि तशीं वाटावीं हेंच त्यांचें काम आहे.

तेव्हां मोटार स्वच्छ करावयास निघालेल्या गृहस्थास आमची सूचना एवढीच कीं, सोडा आणि उन्हें यांच्याही आधीं त्यानें चालकास किंवा शेजाऱ्यास बोलवावें, दार उघडावें, आणि वास येतो काय, कोठून येतो, असें विचारावें. उत्तर ऐकतांना कपाळास आठी पडूं देऊं नये. ती दिसली तर पुढल्या वेळीं खरें उत्तर मिळणार नाहीं.