दाद कुणाकडे मागायची?

“काही करत नाही हो तो!” हे वाक्य ज्या दारातून ऐकू येतं त्या दाराआडचं कुत्रं काही ना काही करतंच, हा पेठांपासून कोथरूडपर्यंतचा सार्वत्रिक अनुभव आहे. जे कुत्रं खरोखरच काही करत नाही त्याच्याविषयी असलं आश्वासन कुणी देत बसत नाही. गेली सहा वर्षं हे वाक्य आमच्या दारातून दिवसाला चार वेळा तरी ऐकू येतं. सिलिंडरवाल्याला, इस्त्रीवाल्याला, पार्सल आणणाऱ्या पोराला आणि अजूनही नेटानं येणाऱ्या पाहुण्यांना. म्हणणारे आम्ही तिघं: मी, आमची ही आणि चिरंजीव. ज्याच्याविषयी म्हणायचं तो चौथा. त्याचं नाव राजा.

नाव चिरंजीवांनी ठेवलं. शिपाई, हवालदार असं काही ठेवलं असतं, तर जगात हुकूम पाळणं असाही एक प्रकार असतो, एवढं तरी त्याच्या कानावर गेलं असतं. राजा म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानंच आलं. सोफा सिंहासन झाला आणि उरलेलं घर मुलुखगिरीसाठी मोकळं झालं.

चपलांच्या बाबतीत त्याचं एक पक्कं तत्त्व आहे. जोडीतली एकच खायची. दोन्ही खाल्ल्या तर माणूस निमूटपणे नवा जोड आणतो आणि विसरतो. एक खाल्ली की उरलेली हातात धरून तो सहा महिने हळहळतो. वर्तमानपत्र तो कोडं सुटायच्या आधी फाडतो, नंतर कधीच नाही. आंघोळ घातली की थेट गच्चीवर जाऊन कुंड्यांच्या मातीत लोळतो, जणू आम्ही त्याच्या अंगाला काहीतरी ओंगळ लावलं होतं आणि ते त्याला पुसून काढायचं आहे. रोज सकाळी मी त्याला फिरायला नेतो असा लोकांचा समज आहे. दोरीला ताण कुठल्या टोकानं पडलाय ते पाहिलं, तर कोण कुणाला नेतंय हे बालवाडीतल्या पोरालाही कळावं.

भुंकण्याचं तर त्याचं स्वतंत्र शास्त्र आहे. पार्सलवाला आला की राजा जीव तोडून भुंकतो. पार्सलवाला पुडकं देतो आणि जातो. तो जाणारच असतो, त्याला पुढं आणखी चाळीस घरं असतात. पण राजाच्या बाजूनं बघा. शत्रू आला, आपण भुंकलो, शत्रू पळाला. सहा वर्षांत एकदाही हा उपाय फसलेला नाही. इतका खात्रीचा अनुभव पाठीशी असताना तुमच्याआमच्या “गप रे”ला त्यानं का भीक घालावी? कित्येक थोर माणसांची थोरवी असल्याच हिशेबावर उभी आहे, पण तो विषय वेगळा.

पावसानं झोडपलं आणि राजानं मारलं तर दाद कुणाकडे मागायची, अशी म्हण आहे. ती माणसांतल्या राजाविषयी असली तरी आमच्या घरात शब्दशः लागू पडते. चप्पल गेली हे खरं. मग गुन्हेगार कोण?

हिचं मत स्वच्छ आहे. “त्याला सगळं कळतं. तोंड बघा मेल्याचं!” आणि तोंड खरोखर बघण्यासारखं असतं. कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, आणि स्वारी भिंतीला चिकटून स्वयंपाकघराकडे सरकते आहे. इतका कबुलीजबाब देणारा चेहरा मी पोलीस चौकीतसुद्धा पाहिलेला नाही.

पण या चेहऱ्याची रीतसर तपासणी झालेली आहे. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली चौदा पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं कुत्र्याला खाऊ दाखवायचा, ‘खायचा नाही’ म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागं कधी कुत्रं तो खाऊ खाई, कधी खात नसे. परत आलेल्या मालकाला मात्र कधी खरं सांगत, कधी धडधडीत खोटं. निष्कर्ष असा निघाला, की अपराधी चेहऱ्याचा आणि अपराधाचा काही संबंध नाही. मालक रागावला की तो चेहरा येतो. आणि गंमत म्हणजे, ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सगळ्यांत जास्त अपराधी दिसले.

मला याचं नवल वाटलं नाही. बँकेत केवायसीचे कागद देताना काचेपलीकडचा माणूस माझ्या सहीकडे बघून मान हलवतो, तेव्हा माझाही चेहरा अगदी तसाच होतो. खातं माझं, सही माझी, पैसे माझे. तरी कान मागे जातात.

हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग माझी चप्पल त्या अमेरिकेतल्या बाईंनी खाल्ली का?”

आपल्या पूर्वजांना हे प्रयोगाशिवाय कळलं होतं, असं म्हणायची एक फॅशन आहे. मी सहसा त्या वाटेला जात नाही, पण इथं इलाज नाही. महाभारताच्या आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, जनमेजयाचं सत्र चाललेलं असतं. तिथं एक कुत्रं येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जातं. आई विचारते, तू काही केलंस का? ते म्हणतं, हविर्द्रव्याकडे मी पाहिलं नाही आणि ते चाटलंही नाही. मग ती सरळ यज्ञमंडपात जाऊन त्या राजपुत्रांना जाब विचारते, की माझ्या मुलानं काही केलेलं नसताना त्याला का मारलंत? यावर ते काहीच बोलत नाहीत. तेव्हा ती शाप देते, की ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय कोसळेल. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दारातच एक कुत्री उभी आहे आणि ती ‘का मारलंत?’ एवढंच विचारते आहे. मला स्वतःला पुढच्या बऱ्याच लढायांपेक्षा ही जागा जास्त आवडते.

आता तुम्ही म्हणाल, सरमेच्या पोरानं काही चाटलं नव्हतं, तुमच्या राजानं तर दिवाळीत अख्खा डबा चाटला! बरोबर आहे. पण चाटला असता तरी काय? ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण आपण रोज वापरतो. तीत कुत्र्याला कुणी बोल लावल्याचं ऐकलंय? म्हण टोमणा मारते तो कारभाराला. पीठ उघडं असलं तर कुत्रं खाणारच, एवढी समजूत आपल्या आज्यांना होती. विद्वानांना ती नेहमीच होती असं नाही. फ्रान्समध्ये फालेझ नावाच्या गावी १३८६ साली एका डुकरिणीला लहान मुलाचा जीव घेतल्याबद्दल रीतसर फाशी दिलं होतं. आपला कायदा तिथवर जात नाही. १८६०च्या दंडसंहितेत होतं आणि आता १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही आहे, की प्राणी बाळगणाऱ्यानं हलगर्जीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ दिला तर शिक्षा माणसाला. सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कुत्र्याला काही नाही. त्याला समन्ससुद्धा नाही.

हे ठीकच आहे, पण यानंही माझं पुरतं समाधान होत नाही. कारण चप्पल खायला त्याला मी शिकवलेलं नाही. पिलाचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येतात तेव्हा हिरड्या सळसळतात आणि ते दिसेल ते चावतं, इथपर्यंत मला मान्य आहे. पण राजाचे बेचाळीसच्या बेचाळीस दात येऊन साडेपाच वर्षं झाली. आता तो चपला केवळ रसिकतेनं खातो. म्हणजे त्याला दोष द्यावा तर त्याला पाप ठाऊक नाही, आणि मला द्यावा तर मला त्या चवीची कल्पना नाही. दोष असा कुणाच्याच खात्यावर बसत नाही. पण चप्पल गेलेली असते आणि नवी कुणीतरी आणायची असते. दोष आणि भरपाई या दोन गोष्टी आपण उगाच एका दावणीला बांधतो, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे.

तो दिवाळीचा डबा म्हणजे बेसनाच्या लाडवांचा. ओट्यावर होता, झाकण घट्ट होतं. तरी अकरा लाडू गेले. ही लाटणं घेऊन त्याच्यामागं धावली. तेवढ्यात चिरंजीव ओरडले, “आई, लाडवांवर बेदाणे होते!” कुत्र्यांना द्राक्षं आणि बेदाणे बाधतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि ते खरं आहे. लाटणं ओट्यावर राहिलं. रिक्षा, दवाखाना, ओकारीचं इंजेक्शन. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत ही त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती आणि राजा आमची दिवाळी तिच्या साडीवर परत करत होता. मधूनमधून तिचा आवाज येई, “चोरा, आणखी खाशील? खाशील आणखी?” आणि तेवढ्यात डॉक्टरांना, “वाचेल ना हो?” दोन्ही वाक्यांत पाऊण सेकंदाचंही अंतर नव्हतं. बिल लाडवांच्या साजूक तुपापेक्षा बरंच जास्त झालं.

हे झालं घरातलं. खरी अडचण आली ती जिन्यात. तळमजल्यावरचे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. एकदा सकाळी राजा आनंदानं त्यांच्या अंगावर उडी मारायला गेला. पिलं मोठ्या कुत्र्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन खायला मागतात, ती सवय मोठेपणी नमस्कारासारखी उरते, वगैरे शास्त्र मला पाठ आहे. काकांनी कठडा धरला म्हणून वाचले. सोसायटीच्या सभेत ते फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “पडलो असतो आणि खुब्याचं हाड गेलं असतं, तर माझं करायला घरात कोण आहे?” या प्रश्नापुढं अमेरिकेतल्या बाई, सरमा आणि माझं तत्त्वज्ञान, काही चालत नाही. राजाचा हेतू चांगला होता हे काकांच्या हाडाला सांगून काय उपयोग?

मग तोडगे निघू लागले. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे सेक्रेटरींना माहीत होतं. तसं प्राणी कल्याण मंडळानं २०१५मध्येच कळवलेलं आहे. तेव्हा एका अनुभवी गृहस्थांनी मधला मार्ग सुचवला. “गाडीत घाला आणि खडकवासल्याच्या पलीकडं सोडून या. जगतात हो ती.” हाही गुन्हाच आहे. १९६०च्या कायद्यात उपाशी मरायला प्राणी टाकून देण्याला शिक्षा आहे, आणि पहिल्या खेपेचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात चपलेचा अंगठासुद्धा शिवून मिळत नाही. म्हणजे कायद्याला भिऊन कुणी कुत्रं घरी ठेवत असेल असं समजायचं कारण नाही.

“तुम्ही काय धर्मराज लागून गेलात?” त्या गृहस्थांनी विचारलं.

घरी येऊन मी यावर बराच विचार केला. धर्मराजानं कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला नकार दिला, हे थोरच. पण त्याचं म्हणणं होतं, की भक्ताचा त्याग करणं पाप आहे. ते कुत्रं हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंत मुकाट्यानं मागून चाललं होतं. त्यानं वाटेत भीमाची वहाण पळवल्याचा, अर्जुनाच्या अंगावर उडी मारल्याचा किंवा द्रौपदीची शिदोरी उघडल्याचा उल्लेख नाही. पुढं तर तो साक्षात यमधर्मच निघाला. असल्या कुत्र्यासाठी मीसुद्धा स्वर्ग सोडीन, निदान पहिला रथ तरी. राजा भक्त नाही. बिस्किट दाखवलं तर तो इस्त्रीवाल्याबरोबर जाईल आणि मागं वळून बघणार नाही. गुणी कुत्र्याला कोण टाकतो? प्रश्न येतो तो अवगुणी कुत्र्याचा, आणि त्याच्या बाबतीत धर्मराजाचा दाखला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दूध घेताना भेटले तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणालो, की सहा वर्षांपूर्वी पावसात टेम्पोखालून चिरंजीवांनी त्याला उचललं, तेव्हा त्यानं कुठलाही अर्ज केला नव्हता. आमच्या घरी राहायला येतो, असं त्यानं कुठं लिहून दिलेलं नाही. आणलं आम्ही. ते म्हणाले, “हे मात्र खरं,” आणि सुट्टे पैसे मोजायला लागले.

आता राजा जिन्यातून आखूड दोरीवर उतरतो, तेही साडेपाचला, काकांचं दार उघडायच्या आत. त्यामुळे मीही साडेपाचला उतरतो. काकांसाठी मी भिंतीला ठोकायचं चपलांचं कपाट आणून दिलं, चार कप्प्यांचं. दोन दिवस त्यांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या तीन कप्प्यांत चपला लागल्या. खालचा कप्पा राजाच्या तोंडाच्या टप्प्यात येतो म्हणून त्यांनी मोकळा सोडला होता. परवा तिथं एक जुनी चप्पल दिसली. डाव्या पायाची, अंगठा तुटलेली, एकटीच. मी काकांना म्हटलं, “अहो, ही चुकून राहिली वाटतं.”

“चुकून नाही,” काका म्हणाले, “ती त्याची आहे.”