पणाची बेरीज

सर्वस्व गमावण्याचा निर्णय कोणी एकदम घेत नाही. तो तुकड्यातुकड्याने घेतला जातो आणि प्रत्येक तुकडा क्षम्य वाटावा इतका लहान असतो. सभापर्वातील युधिष्ठिराने आरंभीच द्रौपदीला पणाला लावले नव्हते. आधी रत्ने, सुवर्ण, रथ, हत्ती, घोडे. मग राज्य, भाऊ आणि स्वतः. पहिल्या फाशापूर्वीच शेवटचा पण कोणी सांगितला असता, तर धर्मराज सभेतून उठून गेला असता, असे आम्हांस वाटते.

बालाघाटच्या शेजारी, गोंदियात, जुलै २०२३ मध्ये पोलिसांनी एका घरावर छापा घातला. तक्रारदार नागपूरचा व्यापारी होता. तक्रारीप्रमाणे त्याच्या ऑनलाइन जुगाराचा आरंभ आठ लाखांनी झाला. प्रारंभी यश आले आणि अखेरीस अठ्ठावन्न कोटी गेले. खेळच बनावट होता, असा आरोप झाला. तथापि खेळ प्रामाणिक असता, तरी आमचा प्रश्न उरतोच : आठ लाखांशी न थांबलेला मनुष्य पुढे कोठे थांबणार?

समजा, चालक दर फेरीस शंभरातून सरासरी पाच रुपये ठेवून घेतो. उरलेले सारे पुन्हा लावत गेल्यास दहा फेऱ्यांनंतर सरासरी साठच उरतात. तूट भरून काढण्यासाठी खेळणारा पुन्हा पैसे भरतो, आणि त्या नव्या रकमेलाही तोच नियम लागू होतो. पूर्वी पैसे संपले की घरी जावे लागे. वाटेत लाज भेटे, दारात आई भेटे. आता इच्छा आणि कृती यांत क्षणाचेही अंतर राहिलेले नाही.

आपल्या जुन्या घरांत हिशेबाच्या दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसाची नोंद, खतावणीत प्रत्येक खात्याची बेरीज. वारंवार पैसे भरणारा केवळ रोजकीर्दीत जगतो. आजचे पाचशे त्याला दिसतात, वर्षाचा आकडा दिसत नाही. किंबहुना तो पाहण्याचे धैर्य त्याला होत नाही.

१८६७ चा जुगार कायदा अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यासही शिक्षा करी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. त्यात खेळ चालवणाऱ्यास, त्याची जाहिरात करणाऱ्यास आणि पैशांचा व्यवहार करून देणाऱ्यास शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्यास नाही. ही दया आम्हांस योग्य वाटते. परंतु कायद्याने सोडले म्हणून विवेकाने सोडले असे होत नाही. प्रत्येक वेळी पैसे भरणारे बोट त्याचेच होते.

मग घरच्यांचे कर्तव्य काय? नुसत्या संतापाने तो अधिक लपवील, आणि लपवणे म्हणजेच बेरीज टाळणे. म्हणून त्याच्या शेजारी बसावे, बँकेची नोंद उघडावी आणि पहिल्या पाचशेपासून सारे आकडे त्याच्याच हाताने एका कागदावर मांडवून घ्यावेत. ती बेरीज कठोर असेल. पण ती मांडताना तो एकटा नसावा.